व्हर्निअर

उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर उभा आहे मी.
दोन शतांश मिलिमीटर इकडचं तिकडं झालं
तर शाफ्ट परत येतो, मालकाचं तोंडही.
म्हणून तिचं पोट मोजायला दुसरं काही सुचलं नाही:
व्हर्निअरचं तेल धुतलं, जबडे उघडले
आणि ओल्या तळहातावर बुंदीला घेतलं.

बारा पूर्णांक चार.
मंगळवारी तेरा.
शुक्रवारी पंधरा पूर्णांक दोन.

नावं शर्वाणीनं ठेवलेली.
बुंदी मादी, शेंगदाणा नर.
अंगठ्याच्या पेराएवढी पाण्यातली बेडकं,
लक्ष्मीपुरीत मुजावरच्या दुकानातनं आणलेली.
पोरगी पुण्याला हॉस्टेलवर गेली,
काचेची पेटी आमच्याकडं राहिली,
हिटरसकट, सूचनांच्या चिठ्ठीसकट.

नळाचं पाणी थेट ओतायचं नाही, दिवसभर बादलीत ठेवायचं.
बारीक खडे नकोत, किडा समजून गिळतात.
चिठ्ठीत कातडीचं मात्र लिहिलेलं नव्हतं.
शेंगदाण्याच्या अंगावरनं पांढरं काही सुटायला लागलं
तेव्हा मी कामावर खाडा केला.
त्यानं सदरा काढावा तशी ती डोक्यावरनं ओढली
आणि गिळून टाकली.
म्हटलं, बरोबर आहे,
आमच्यातही कंडम माल परत भट्टीतच जातो.

पण बुंदीचं तसं नव्हतं.
किडे नाकासमोरनं खाली जायचे, ती बघायची नाही.
पाय पसरून वर तरंगायची,
बुडी मारायला जायची नि परत वर यायची
बुचासारखी.
शालन म्हणाली, बुंदीचा लाडू झालाय ओ.
हसली, आणि मग हसली नाही.

डॉक्टर इंगवल्यांचं म्हशीच्या पोटफुगीत
अख्ख्या करवीरमध्ये नाव.
डबा उघडून त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
“अहो चौगुले, हिला सुई मारू कुठं?
सुईच हिच्या मांडीएवढी हाय.”
तरी मारली, साखरेच्या पेशंटची, सगळ्यात बारीक.
एक थेंब आला. अजून एक.
“परत भरणार हे. पोटात कुठं बिघडलंय, मला कळत नाही.”
पैसे घेतले नाहीत.
म्हशीचा दर ठरलेला असतो.

चौदा. साडेचौदा.
सोळा.

रात्री दोनला आवाज आला.
बेअरिंग कोरडं पडलं की मी स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावतो,
मूठ कानाला.
तेच केलं. अंधारात, बनियनवर,
काचेला टोक, कानाला मूठ.
शेंगदाणा तळाशी बसून घुमत होता.
घर्र नाही, खरखर नाही,
साफ, एका पट्टीत.
इतकी वर्षं बिघाड ऐकायची सवय,
बिघाड नसलेला आवाज ओळखायला
मला बराच वेळ लागला.
तो बोलावत होता, बस.
ती वर होती, हाताएवढ्या अंतरावर,
पाण्याची कड धरून.

रविवारी फोन.
“बाबा, बुंदी जेवली?”
“जेवली.”
“आणि तुम्ही?”
“हां, म्हणजे काय.”
शालन भांडी घासत होती.
तिनं नळ बंद केला
आणि पुन्हा सोडला.

वही लेथवरचीच, मागची पानं कोरी होती.
काल उघडली तर
सतरा पूर्णांक एकच्या खाली
तिच्या अक्षरात, तारीख घालून:
डावा पाय. झोपेत बघितला.
घोट्यावर बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला.
वीस मोजले तरी.

आकडा नाही. मिलिमीटर नाही.
व्हर्निअर धुऊन फडक्यावर ठेवलेला.

बादलीतल्या पाण्याला अजून दिवस झाला नव्हता.
मी शेजारी स्टूल ओढलं, बसलो,
आणि पँट दुमडायला लागलो.
पेटीत कोण घुमत होतं,
की फ्रीज,
मुद्दाम बघितलं नाही.